पांढरीची डावी बाजू

अण्णांच्या वाट्याला हात लावायचा नाही, हे या घरात कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. ते आपोआप कळायचं. दर वर्षी पांढरी, म्हणजे घरची फेरीची बोट, पाण्याबाहेर काढून शेडमध्ये ठोकळ्यांवर चढवली की तिच्या अंगाचा एकेक तुकडा घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला यायचा. उजवी बाजू थोरल्याची, मागचा सपाट भाग माईचा, डावीकडचा मधला पट्टा धाकटीचा आणि डावीकडचं पुढचं टोक, वरच्या कडेपासून खाली पोटापर्यंत, अण्णांचं. ज्याने त्याने आपापला तुकडा पुसायचा, मेण लावून चमकवायचा आणि संध्याकाळी शेडच्या दारात उभं राहून कुणाचा जास्त चमकतो यावरून भांडायचं. अठरा वर्षं हे चालू होतं.

या वर्षी मात्र अण्णांना चहाचा कपसुद्धा धड धरता येत नव्हता. कप बशीवर वाजायला लागला की ते तो खाली ठेवून द्यायचे आणि चहा नकोच होता असं सांगायचे.

आणि या वर्षी नुसत्या मेणाने भागणारही नव्हतं. फायबरच्या बोटीला बाहेरून जेलकोटचा थर असतो, तोच तिचा रंग आणि तीच तिची कातडी. पांढरीची ही कातडी उन्हापाण्याने मेली होती. हात फिरवला की तळहात खडू पुसल्यासारखा पांढरा व्हायचा. उद्या सकाळी नऊला तपासनीस येणार होता. पैलतीराला माणसं नेण्याचा परवाना नवा करून हवा असेल तर बोटीचं अंग मेण काढून, घासून, उघडं दाखवा, असा नवा नियम निघाला होता. घासण्याचं काम अर्थातच धाकटीकडे आलं. दोन गल्ल्या पलीकडे तिचं फायबरचं वर्कशॉप होतं. परक्यांच्या बोटी आणि पाण्याच्या टाक्या दुरुस्त करून ती पोट भरायची, आणि घरच्या बोटीला हात लावायला सगळे तिला परवानगी मागायला लावायचे.

तीन दिवसांत तिने तीन वाटे उरकले. आज सकाळी ती अण्णांना म्हणाली, "तुमचा तुकडा आज मी घेते."

"राहू दे. तो बरा आहे."

"बरा कसा असेल अण्णा? सगळ्या अंगाला एकच ऊन लागतं."

"मेण लाव वरून. घासू नकोस."

अण्णा शेडच्या दारातल्या खुर्चीत बसले होते आणि हटायची चिन्हं नव्हती. शेवटी माई येऊन त्यांना अंघोळीला घेऊन गेली. त्यांची पाठ वळायचा अवकाश, धाकटीने पेन्सिल काढली.

आधी त्या भागावर तिने आडव्यातिडव्या रेघा मारल्या. मग लाकडाच्या ठोकळ्याला चारशे नंबरचा वॉटर पेपर गुंडाळला, बादलीत बुडवला आणि घासायला लागली. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या तर अंग सपाट. कुठे रेघ शिल्लक राहिली तर तिथे खळगा. ही युक्ती अण्णांचीच. सहा वर्षांची असल्यापासून तिने ती पाहिली होती. पांढरं पाणी ओघळून तिच्या कोपरापर्यंत येत होतं, रेघा पुसल्या जात होत्या, आणि त्यांच्याबरोबर वरचा थर उतरत होता. तिच्या लक्षात आलं की हा थर जाड आहे. इतरांच्या वाट्यांपेक्षा पुष्कळ जाड. म्हणजे अण्णा इथे नुसतं मेण लावत नव्हते. दोन-चार वर्षांनी गुपचूप नवा जेलकोटही चढवत होते.

मग खालून दुसरा पांढरा रंग वर आला.

जुना पांढरा पिवळसर होता. हा निळसर, थंड. त्याला कडा होती. धाकटी घासत गेली तशी ती कडा वळत गेली आणि अर्ध्या हाताएवढा एक लांबट गोल तयार झाला. मधोमध तिने जरा जास्त दाबलं तेव्हा खालच्या काचतंतूंचं जाळं दिसायला लागलं. फायबरचा तुकडा आतून लावलेला, बाहेरून लावलेला, कडा उतरत्या केलेल्या, आणि चारही कोपरे गोल कापलेले. कोपरे गोल कापायचे, टोकदार कोपरा आधी उचलतो, हे तिला ज्यांनी शिकवलं त्या अण्णांचाच हा हात होता. तिने खिशातलं नाणं काढून जोडावर ठोकून पाहिलं. आवाज सगळीकडे भरीव. एवढं चोख काम तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

ती उठली आणि हात न पुसताच उजवीकडे गेली.

कारण जोड असायला हवा होता तो उजवीकडे. घरात सगळ्यांना ते पाठ होतं. एकोणीस वर्षांपूर्वी काकांनी सकाळच्या पहिल्या फेरीला आठ माणसं भरून पांढरी नेली, निघताना उजवी बाजू धक्क्याला घासली आणि मध्यावर पोचेपर्यंत बोट पाण्याने भरली. माणसं वाचली, ती पैलतीरावरच्या लोकांनी होड्या काढून दोर टाकले म्हणून. आबांनी, म्हणजे अण्णांच्या आणि काकांच्या वडिलांनी, त्याच दिवशी धक्क्यावर सगळ्यांसमोर काकांच्या हातून सुकाणू काढून घेतलं. चार दिवसांनी काका घर सोडून गेले. अण्णांनी दहा दिवस शेडचं दार लावून बोट एकट्याने दुरुस्त केली, आणि ती इतकी बेमालूम की जोड कुठे ते कुणाला सापडेना. थोरला तर प्रवाशांना पैजेवर शोधायला लावायचा. एक निवृत्त मास्तर भिंग घेऊन आले होते. त्यांनाही सापडला नाही.

परवा ही उजवी बाजू धाकटीने स्वतः पार खालपर्यंत घासली होती, आणि तरी जोड दिसला नाही म्हणून मनातल्या मनात अण्णांच्या हाताला दाद दिली होती. आता तिने टॉर्च धरून बघितलं, वीतभर अंतरावर नाणं ठोकत टोकापासून शेवटापर्यंत गेली. एकच जुना पिवळसर पांढरा रंग, एकच आवाज. इथे कधी काही फुटलंच नव्हतं.

तिला हसू आलं, आणि तिने नाणं खिशात टाकलं.

*

थोरला शेडमध्ये आला तो हातात फॉर्म घेऊन. गेली दहा वर्षं पांढरी तोच चालवत होता आणि परवान्याच्या कटकटी त्याच्याच डोक्यावर होत्या.

"काकांची बस चारला येते," तो म्हणाला. "स्टँडवर स्कूटर ठेवतो, चालवत या म्हटलं, तर म्हणाले, मी चालत येईन. तीन किलोमीटर. विचित्रच आहेत." त्याने फॉर्म पुढे केला. "बघ जरा. पूर्वीचं नुकसान, जागा, कारण, त्या वेळचा चालक. सगळं भरलंय. चालकाची सही तेवढी राहिली. ती केली की काकांना रात्रीच्या बसने मोकळं करू."

धाकटीने वाचलं. जागा या शब्दापुढे थोरल्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, उजवी बाजू, पुढे.

"दादा, इकडे ये."

तिने त्याला डावीकडे नेलं आणि बोट दाखवलं. थोरला वाकला.

"हे काय?"

"जोड."

"कुणी केला?"

"कोपरे बघ की."

त्याने कोपरे बघितले. तोही अण्णांच्याच हाताखाली शिकला होता. "म्हणजे दोन्हीकडे लागलं असणार," तो म्हणाला.

"मग उजवीकडचा मला दाखव. तू एवढ्या लोकांना पैजेवर शोधायला लावलास, आज तूच शोध."

थोरला उजवीकडे गेला नाही. ती बाजू परवा धाकटीनेच खालपर्यंत घासली होती, तिला दिसलं नाही म्हणजे नाही, एवढं त्यालाही कळत होतं. त्याने शेडच्या दाराकडे बघितलं. अण्णांची खुर्ची रिकामी होती.

"उजवीकडे काकांनी घासली ते खरं," धाकटी म्हणाली. "ओरखडा सगळ्यांनी पाहिला. पण पाणी तिथून आलंच नाही. ते इथून आलं. इथे आधीच फुटलेलं होतं."

"आधी म्हणजे कधी?"

"आदल्या दिवशी बोट कुणाकडे होती, ते तुला माहीत असेल. मी सहा वर्षांची होते."

थोरला अकरा वर्षांचा होता. त्याला आठवत होतं. आदल्या संध्याकाळी अण्णा शेवटची फेरी करून एकटेच उशिरा आले होते, आणि जेवताना एक शब्द बोलले नव्हते.

"बंद कर ते," तो एकदम म्हणाला. "तुझ्याकडे जेलकोट आहे ना? किती वेळात वाळतो?"

"दोन तास."

"आत्ता लाव. चारच्या आत होईल. उद्याचा तपासनीस आणि आज हे, एका दमात मला झेपणार नाही. परवाना हातात येऊ दे, मग बघू."

"आणि काका सही करतील?"

"त्यांचीच तर आहे ती..." थोरला बोलता बोलता थांबला.

*

माई चहा घेऊन आली तेव्हा दोघं भावंडं बोटीच्या डावीकडे उभी होती. ट्रे तिने बाकावर ठेवला. जोडाकडे तिने एकदाच बघितलं आणि लगेच कप सरळ करायला लागली.

तिला वाटत होतं, आपण इतकी वर्षं या क्षणाची तयारी केली आहे. पण तयारी काही उपयोगाची नव्हती.

"झाकून टाक गं," ती धाकटीला म्हणाली.

"काय झाकू, ते तरी विचार माई."

माईने एक कप थोरल्यापुढे सरकवला.

"तुला माहीत होतं?"

"मला कुणी काही सांगितलं नाही."

"मी ते विचारलं नाही."

माई बाकावर बसली. त्या दहा दिवसांत जेवणाचं ताट शेडच्या दाराशी तीच ठेवायची. दार बोटभर उघडं असायचं. आत बोट उजव्या कुशीवर कलती करून ठेवलेली असायची. उजवी बाजू दुरुस्त करायची तर ती बाजू वर हवी, एवढं कळायला बोटीचं काम यावं लागत नाही. ती ताट ठेवून परत गेली होती. पुढच्या वर्षी नवऱ्याने प्रत्येकाचे वाटे पाडून दिले आणि डावं टोक स्वतःकडे ठेवलं, तेव्हाही ती मागच्या सपाट भागाला मेण लावत बसली.

"तुम्ही दोघं लहान होता," ती म्हणाली. "आबा कसे होते तुम्हाला माहीत नाही. त्यांनी एकाला हाकललं होतं, दुसऱ्यालाही हाकललं असतं. मग तुम्हाला घेऊन मी कुठे गेले असते? भावजींच्या मागे कुणी नव्हतं. एकटा माणूस कुठेही जगतो."

"काका जाताना दारात थांबले होते," थोरला म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मला म्हणाले, येतोस का स्टँडपर्यंत? सुकाणू धरायला मला त्यांनीच शिकवलं होतं. मी त्यांच्याकडे पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. आठ माणसं बुडवायला निघालेला माणूस, असं मनात होतं माझ्या. तू तिथेच होतीस माई. तू मला थांबवलं नाहीस."

माईने पदराने तोंड पुसलं. "नाही थांबवलं."

"आणि मी दहा वर्षं लोकांना सांगत फिरतो, काकांनी फोडली, अण्णांनी जोडली. त्या मास्तरांना भिंगातून शोधायला लावलं." त्याने हातातला फॉर्म गुंडाळला, पुन्हा उलगडला. "लावू नकोस जेलकोट, धाकटे."

"आताच तर म्हणत होतास लाव."

"आता म्हणतो नको."

"अरे पण त्यांची तब्येत बघा," माई म्हणाली. "त्यांचे हात बघा. या वयात चारचौघांत मान खाली घालायला लावणार का त्यांना? झाकलेलं होतं ते झाकलेलं राहू द्या. भावजींना तरी आता त्याचं काय? त्यांचं आयुष्य लागलं मार्गाला."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. आईचा तिला इतका राग कधीच आला नव्हता, आणि आईची इतकी कीवही तिला कधी आली नव्हती. "गोदामात पोती मोजतात काका," ती म्हणाली. "पाण्यापासून दोनशे किलोमीटर लांब. याला मार्गाला लागणं म्हणतात का?"

तेवढ्यात दारात काठी वाजली.

*

अण्णा अंघोळ करून, केस विंचरून आले होते. भाऊ येणार म्हणून त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, आणि त्याचं वरचं बटण लागलं नव्हतं. बोटीच्या पुढच्या टोकाखाली पांढऱ्या पाण्याचं थारोळं त्यांना दारातूनच दिसलं.

त्यांना वाटलं होतं तसं काही झालं नाही. छातीत दुखलं नाही, घाम सुटला नाही. एक जुनं दुखणं डॉक्टरच्या बोटाला सापडावं तसं झालं फक्त.

"घासू नको म्हटलं होतं," ते म्हणाले.

"हो," धाकटी म्हणाली.

ते सावकाश बोटीपाशी आले. थरथरत्या बोटांनी त्यांनी त्या गोलाची कडा चाचपली. "चांगलं झालं होतं काम," ते पुटपुटले. "तीनदा थर दिला आतून."

मग कुणाकडे न बघता ते पुढे बोलले. "जुन्या धक्क्याचा लोखंडी खांब. ओहोटी होती. मी एकटा होतो बोटीत, तो भाग पाण्याच्या वर होता. हात लावून बघितलं, वाटलं नुसतं खरचटलंय. सकाळी आबांना सांगू म्हटलं. सकाळी उठलो तर इंजिनाचा आवाज. तो फेरीला निघाला होता."

"हाक मारायची होती," थोरला म्हणाला.

"धावलो होतो. धक्क्यावर पोचलो तोवर तो लांब गेला होता. मग माणसं ओरडायला लागली." अण्णा थांबले. "आबांनी सगळा निकाल पाच मिनिटांत लावला. मी शेजारी उभा होतो. तोंड उघडलंही होतं. शब्द फुटला नाही. त्या दिवशी सांगितलं नाही, मग दुसऱ्या दिवशी सांगायचं तर काल का नाही सांगितलंस, हेही सांगावं लागलं असतं. रोज एक दिवस वाढत गेला."

"आबा जाऊन नऊ वर्षं झाली," धाकटी म्हणाली.

"हो."

"मग नऊ वर्षं कुणाची भीती होती?"

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. "तुमची," ते म्हणाले.

माई रडायला लागली. थोरला दाराकडे तोंड करून उभा राहिला. धाकटीला वाटलं, आपण आता एक पाऊल जरी पुढे टाकलं तर या माणसाला धरून बसू आणि मग काहीच होणार नाही. तिने ते पाऊल टाकलं नाही. वॉटर पेपर बादलीत टाकला, हात धुतले.

"अण्णा, हा तुमचा वाटा आहे. मी अर्धा घासलाय. याच्यापुढे मी घासणार नाही आणि झाकणारही नाही. चारला काका येतील. तुम्ही सांगा, नाहीतर ते स्वतः बघतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर त्यांना मी इथे आणून उभं करीन," थोरला दारातून म्हणाला. "पण मी आणायच्या आधी तुम्ही बोलावं, अण्णा."

*

काका साडेचारला आले. चालून चालून त्यांचे बूट धुळीने भरले होते. घरात जाऊन पाणी प्यायच्या आधी ते सरळ शेडमध्ये शिरले. केस पिकलेले, अंगाने वाळलेले, आणि हात खिशात. एवढ्या वेळात त्यांनी हात खिशातून बाहेर काढले नाहीत, ही गोष्ट धाकटीच्या डोळ्यांत भरली.

"वहिनी," त्यांनी मान हलवली. मग थोरल्याकडे बघून, "केवढा झालास." अण्णांकडे बघून काही नाही. अण्णा खुर्चीत बसले होते.

काका बोटीच्या उजव्या बाजूला गेले. तिथे त्यांनी पहिल्यांदा एक हात बाहेर काढला आणि तळवा पांढरीच्या अंगावर ठेवून टोकापासून हळूहळू चालत गेले.

"कुठे आहे?" ते म्हणाले.

ते शेवटापर्यंत जाऊन वळले.

"दाखवा तरी. मला एकदा बघायचं होतं. इतकी वर्षं मी विचार करतोय, एवढ्या हलक्या घासण्याने बोट कशी काय फुटली. मला तर हिसकासुद्धा जाणवला नव्हता. म्हटलं, म्हणजे माझ्या हाताला कळतच नाही. जो हात आठ माणसांच्या जिवावर उठला आणि त्याला कळलंही नाही, त्या हाताने परत काय धरायचं?" ते थोरल्याकडे वळले. "म्हणून तुझी स्कूटर घेतली नाही. गाडी, सायकल, काहीच चालवायला नको वाटतं. तू दाखव रे. तू पैज लावतोस ना म्हणे लोकांशी?"

थोरल्याने मान खाली घातली. फॉर्म त्याच्या हातात चुरगळत होता.

"बरं, नका दाखवू," काका म्हणाले. "कुठे करायची सही?"

त्यांनी बाकावर फॉर्म पसरला, थोरल्याच्या खिशातलं पेन स्वतःच काढून घेतलं आणि रकाना शोधायला लागले. धाकटीने अण्णांकडे बघितलं. अण्णा काठीवर जोर देऊन उठायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. माई पुढे झाली. क्षणभर धाकटीला वाटलं, ही आता त्यांना परत बसवणार. माईने त्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उभं केलं.

"बोला," ती म्हणाली. "मी आहे."

"त्या बाजूला नाही," अण्णा म्हणाले.

काकांनी पेन टेकवलं होतं. "काय?"

"जोड त्या बाजूला नाही. इकडे ये."

काका आले. अण्णांनी भावाचं मनगट धरलं. दोघांचेही हात हलत होते, कारण अण्णांचा हलत होता. त्यांनी काकांची बोटं त्या निळसर गोलावर टेकवली. "हे मी केलं. आदल्या संध्याकाळी. खांबावर. तू घासलीस ते नुसतं रंगाला लागलं होतं. पाणी इथून आलं."

काकांनी त्या कडेवरून बोट फिरवलं.

"परत सांग," ते म्हणाले.

"पाणी इथून आलं. मी फोडली होती."

"मी धक्क्याला लावली, तेव्हा काही फुटलं नाही?"

"नाही."

"एक तडासुद्धा नाही?"

"नाही. मी बघितलं होतं."

"म्हणजे माझ्या हाताला जे कळलं होतं ते बरोबर होतं."

"बरोबर होतं," अण्णा म्हणाले आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "मला माफ..."

"थांब," काका म्हणाले. "ते आत्ता बोलू नकोस. मला ऐकू येणार नाही."

त्यांनी मनगट सोडवून घेतलं. आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकायला फार कठीण गेला. ते बाकापाशी जाऊन बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवून. माईने त्यांच्यापुढे चहाचा कप धरला. तो त्यांनी घेतला नाही. "वहिनी, तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं. माई हो म्हणाली. एवढ्या वर्षांत त्या विषयावरचा तिचा तो पहिला खरा शब्द होता.

थोरल्याने फॉर्म बाकावरून उचलला. उजवी या शब्दावर काट मारून वर डावी असं लिहिलं, चालकाचं नाव खोडलं, दुसरं लिहिलं. कागद आणि पेन त्याने अण्णांपुढे धरलं. अण्णांनी पेन घेतलं. टोक कागदावर टेकलं, घसरलं, पुन्हा टेकलं. धाकटी मदतीला वाकली तसं काकांनी तिला हातानेच अडवलं. सगळे उभे राहून बघत होते. सही पुरी व्हायला खूप वेळ लागला आणि शेवटच्या अक्षरापर्यंत काकांनी नजर काढली नाही.

मग ते धाकटीला म्हणाले, "आता हे बंद करशील ना?"

"लगेच करते. सातपर्यंत वाळेल. पण माझ्याकडचा पांढरा नवा आहे, काका. रंग जुळणार नाही. डाग दिसेल."

"दिसू दे. जुळवू नकोस."

धाकटीने डबा उघडला. जेलकोटमध्ये हार्डनरचे थेंब टाकून ती ढवळायला लागली आणि शेडमध्ये तो उग्र वास पसरला. थोरला कागद घडी करून खिशात ठेवत होता. काका उठून पुन्हा पांढरीच्या उजव्या बाजूला गेले. या वेळी त्यांचे दोन्ही हात बाहेर होते.

"उद्या ती पाण्यात उतरवून दाखवावी लागते ना?"

"हो," थोरला म्हणाला. "पैलतीरापर्यंत जाऊन परत यायचं. तपासनीस बोटीतच बसतो."

"चालवणार कोण?"

"मीच." थोरल्याने त्यांच्याकडे बघितलं आणि त्याला उमगलं. "म्हणजे, परवाना माझ्या नावावर आहे. मी शेजारी बसेन. सुकाणू तुम्ही धरा, काका."

काकांनी मान डोलावली.

"मी येऊ बोटीत?" अण्णांनी विचारलं. माईच्या खांद्याचा आधार घेऊन ते कसेबसे उभे होते.

"नाही," काका म्हणाले. "तू धक्क्यावर उभा राहा. परत येताना मी उजवी बाजूच लावणार आहे धक्क्याला. ती कशी लावतो ते बघ."